ऊन फुकट, पाणी कोणाचं?

माझं माहेर वरुडचं, सासर अकोट तालुक्यात दहीहंड्याकडचं. माहेरी पाणी गोड, पण आठशे-नऊशे फूट खाली गेलेलं. सासरी पाणी हाताशी, पण खारं. तोंडात धरवत नाही आणि वावरात सोडलं तर काळी माती आधी लगद्यासारखी बसते, मग वाळून दगड होते. मी राहते अमरावतीत आणि दर्यापूरच्या बाजूला, खारपाण पट्ट्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधनिर्माण अधिकारी म्हणून काम करते. त्यामुळे पाण्याचा विषय निघाला की कोणा एकाची बाजू घेऊन मोकळं होणं मला जमत नाही.

अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी बाबा आमच्याकडे आले. मामाजी, म्हणजे माझे सासरे, आमच्याजवळच असतात. ग्रामीण पाणीपुरवठ्यात अभियंता म्हणून त्यांनी उभी नोकरी अकोला जिल्ह्यात केली. आदल्या दिवशी पितरांसाठी भरलेली मातीची घागर अजून देवघराजवळ होती, पातेल्यात चिंचवणी उरली होती. जेवणं झाल्यावर बाबांनी पिशवीतून एक कागद काढून मामाजींच्या हातात दिला. सौर पंपाच्या अर्जाची प्रत होती. ‘तुमी इंजिनेर मानूस, जरा पाहून घ्या’ एवढंच ते म्हणाले. पुढचं बोलणं संध्याकाळपर्यंत चाललं. त्या रात्री मी ते जसं आठवलं तसं लिहून ठेवलं, आणि दोघांना वाचून दाखवूनच इथे देते आहे.

मामाजी : साडेसात एचपीचा मागितला तुम्ही?

बाबा : पाच एकराच्या वर वावर हाय ना माहं. दहा टक्के आपुन भरायचे, बाकी सरकार भरते. इवाईबुवा, कागदातली चूक असंन तं सांगा, पन पंप घेऊ नका असं म्हनू नका. आजलोक ओलित मी रातीच केलं. लाइन रातची येते. बारा वाजता उठा, बॅटरी घ्या, बगीच्यात जा. वरतून सातपुड्याचा पायथा. डुकरं हायेत, बिबट हाय. आमच्या सालदाराले धुऱ्यावर साप चावला, तवा ही पोरगी बारावीले होती. वाचला तो, पन मंग रातच्या कामाले कोनी तयार होईना. दिवसा पानी देता यावं, एवढंच मागून रायलो मी.

मामाजी : त्याला माझा विरोध नाहीच. उन्हावर मोटर चालावी, हे मला तुमच्यापेक्षा जास्त वाटतं. आपली वीज कुठून येते? इकडे नांदगाव पेठचं १,३५० मेगावॉटचं औष्णिक केंद्र, तिकडे अकोल्याला पारसचं ५०० मेगावॉटचं. कोळशाच्या वीजघरानं एका युनिटमागे साडेतीन लिटरपेक्षा जास्त पाणी वापरू नये, असा केंद्र सरकारचा २०१५ चा नियम आहे. म्हणजे नियम पाळूनही साडेतीन लिटरपर्यंत जाऊ शकतं. नांदगाव पेठला ते अप्पर वर्ध्यातून जातं.

बाबा : मोर्शीच्या धरनातून. त्याच्यापाई किती भांडन झालं ते मले सांगू नका, मी गेल्तो मोर्चात. ओलिताचं पानी कंपनीले काऊन देता, असं म्हनत होतो आमी.

मामाजी : मग बघा. उन्हावर चालणारा प्रत्येक पंप धरणातलं तेवढं पाणी वाचवतो. इथपर्यंत तुमचं-माझं एक. माझं म्हणणं पुढे आहे. मोटर काय जाळते हे आपण मोजायला लागलो; मोटर काय उपसते हे मोजत नाही. पंपावर पाटी लागते, इतका कोळसा वाचला, इतका धूर वाचला. जमिनीतून किती पाणी निघालं याची पाटी कुठे आहे?

बाबा : पानी तं आजही निंगूनच रायलं ना. लाइनीवर निंगते, उद्या उन्हावर निंगंन.

मामाजी : पूर्वी बिल यायचं. थकत असेल, पण यायचं. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांची वीज माफ झाली. आता ऊन. तेही फुकटच. उपशाला आवर घालणारं जे थोडंफार होतं, ते राहिलं नाही. सकाळी ऊन आलं की मोटर सुरू, ऊन गेलं की बंद, पिकाला गरज असो नसो. वरूड, मोर्शी हे तालुके अतिशोषित म्हणून सरकारच्याच यादीत आलेले आहेत. ज्या खात्यात शिल्लक नाही, त्यातून काढणं सोपं करून ठेवायचं, ही मला भीती आहे.

बाबा काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी जे सांगितलं ते मामाजींनाही नवं असावं.

बाबा : तुमची भीती बरोबर हाय, पन ती माह्या बोरले लागू होत नाई. आठशे फुटावरून साडेसातची सोलर मोटर पानी उचलते किती? धार करंगळीएवढी. आमच्याकडं ज्याईनं बसवली, त्याईच्यातल्या खोल बोरवाल्याईनं सांगितलं हे. ज्याची इहीर हाय, पानी साठ-सत्तर फुटावर हाय, त्याले सोलर चांगलं. म्हनून मी बोरवर नाई, इहिरीवर मागून रायलो.

मी : मग बोरचं काय करणार बाबा?

बाबा : त्याच्यावर लाइनीचीच मोटर राहीन.

म्हणजे सौर पंप येणार होता तो जुन्या मोटरीच्या जागी नाही, तिच्या जोडीला. मामाजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटतं, खरा वाद तिथे सुरू झाला. ‘हरित’ म्हणून जे जे गावात येतं ते आधीच्या गोष्टीला बाजूला सारतं की तिच्यावर आणखी एक थर चढवतं, हे कोणी विचारत नाही.

मामाजी : एका मोठ्या झाडाला मे महिन्यात किती पाणी देता?

बाबा : ड्रिपवर म्हनता? दिवसाचं दीडशे लिटर. ऊन जास्त असलं तं त्याच्याही वर.

मामाजी : एकरात झाडं?

बाबा : सहा बाय सहावर लावली तं एकशे दहा.

मामाजी : साडेसोळा हजार लिटर झालं, एका एकराला, एका दिवसाचं. जलजीवन मिशनमध्ये माणसाला दिवसाला ५५ लिटर धरलेत. तुमचा एक एकर बगीचा तीनशे माणसांचं पाणी पितो, इवाई. मी तीनशे माणसांच्या गावाला ५५ लिटर पोचवण्यासाठी पंधरा किलोमीटर पाइप टाकलेला माणूस आहे.

बाबा : अन् त्या बगीच्यावर किती माणसं जगतात ते कोन मोजंन? तोडणीवाले, कॅरेटवाले, गाडीवाले, मंडीतले हमाल, शेंदुरजना घाटचे कलमा बांधनारे. ह्या पोरीची फी त्याच्यातूनच गेली. वरूडले विदर्भाचं कॅलिफोर्निया म्हनत, ते कोनाच्या घामानं? आंबिया बहार घ्यायचा तं जानेवारीपासून पावसालोक पानी लागतेच. अन् भाव आमच्या हातात नाई. बांगलादेशानं ड्युटी वाढवली अन् संत्रा इथंच पडला. पानी कमी करा म्हनता, मंग पोट कशावर भरू?

मामाजी : हिवरे बाजारला माणसं उपाशी नाहीत. नगर जिल्ह्यातलं गाव, आपल्यापेक्षा पाऊस कमी. शेतीसाठी बोर बंद. ऊस नाही, केळी नाही. पावसाळा संपला की गाव बसतं, पाणी किती आलं ते मोजतं आणि त्यावरून रब्बीत काय पेरायचं ते ठरवतं.

बाबा : पेरायचं ठरवतं. तीच तं गोठ हाय. कांदा, जवारी, हरभरा यंदा नाई पेरला तं पुढच्या साली पेरता येते. संत्र्याच्या झाडाले म्हनू का मी, यंदा पाऊस कमी झाला, तू एक साल थांब? सहा-सात वर्स लेकरावानी पोसा, तवा ते फय देते. २०१९ च्या उन्हायात आमच्या गावात झाडं उभी वायली. लोकाईनं कुऱ्हाड लावली अन् सरपन केलं. माही साडेतीनशे गेली. झाड तोडताना वास येते, माहीत हाय तुमाले? कच्च्या संत्र्याच्या सालीचा वास येते खोडातून.

या मुद्द्यावर बाबांची बाजू मला खरंच भक्कम वाटते. पाण्याचा हिशेब करून पीक ठरवायचं, हा सल्ला हंगामी पिकाच्या गावाला लागू पडतो. फळझाड म्हणजे पुढच्या वीस वर्षांच्या प्रत्येक उन्हाळ्याचं पाणी आजच नावावर लावून घेणं. पाऊस कमी झाला म्हणून त्याची मागणी कमी होत नाही, उलट वाढते. पण हेच वाक्य उलटं वाचलं तर मामाजींची बाजू भक्कम होते : ज्याची मागणी वीस वर्षं हलत नाही, ते लावताना आधी किती विचार करायला हवा! बाबांनी ड्रिप केलं तेव्हा मी कॉलेजात होते. पाणी निम्म्यावर आलं म्हणून घरात आनंद होता. पुढच्याच वर्षी वाचलेल्या पाण्यावर रस्त्याकडचे दोन एकर नवे लावले. तेव्हा आम्हाला कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, आणि गावात सगळ्यांनी तेच केलं होतं.

मामाजी : आणि कायदा? २००९ चा भूजल कायदा २०१४ पासून लागू आहे. ६० मीटरच्या खाली शेतीसाठी बोर मारता येत नाही. दोनशे फूटसुद्धा नाही झाले. पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेता येत नाही, ही अट तर १९९३ च्या कायद्यापासून आहे.

बाबा : दोनशे फुटावर आमच्याकडं धूळ निंगते. रिगची गाडी गावात येते तवा तिले कोनी अडवत नाई. उद्या कायदा लावाल तं कोनावर लावाल? ज्याच्याजवय पयसे होते त्यानं नऊशे फूट मारून ठेवला. ज्याची ऐपत आज झाली, त्याले म्हनाल आता बंद. हा न्याय झाला का?

मामाजी : न्यायाचं म्हणता, तर नऊशे फुटांचा बोर ज्याच्या शेजारी मारला, त्याच्या उथळ विहिरीचं काय झालं?

बाबांनी मान खाली घातली. आमच्या घरात हा विषय कधी निघालेला नव्हता.

बाबा : ती मले माहीत हाय. माह्या धुऱ्यापलीकडं दोन एकरवाला हाय. त्याच्या आज्यानं खांदलेली इहीर. मी पयला बोर मारला त्याच्या दुसऱ्या उन्हायात ती आटली. तो मले काई बोलला नाई. मी म्हनलं पाऊसच कमी झाला. चार वर्सानं त्यानं संत्रा काढला, कपाशी लावली. आता तो कपाशीत तूर घेते अन् पोट्टे सुरतले हायेत त्याचे. माह्याच बोरनं आटली का आखीन दहा बोरनं, हे देवाले ठाऊक. पन तो रस्त्यात भेटला का मी गाडी थांबवतो अन् बसवून घेतो. आखीन काई करता आलं नाई मले.

बराच वेळ पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मी लहानपणापासून त्या काकांना आमच्या गाडीवर मागे बसलेलं पाहिलं आहे. त्याचं कारण मला त्या दिवशी कळलं.

मामाजींनी मुद्दा पुढे रेटला नाही. कदाचित म्हणूनच बाबांनी स्वतः विषय खारपाणाकडे वळवला.

बाबा : आता तुमचं सांगा. तुमच्या खारपानात लोकं पानी पेतात ते कुठलं?

मामाजी : अकोट-तेल्हाऱ्याच्या ८४ खेड्यांना वानचं. वारीच्या हनुमान सागरातून. दर्यापूर-अंजनगावला शहानूरचं. खांबोऱ्याच्या योजनेला काटेपूर्णेचं. पूर्णेच्या दोन्ही अंगांना सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा हा पट्टा, बुलढाणा, अकोला, अमरावती मिळून. पायाखाली पाणी भरलेलं आणि त्यातलं पिण्यालायक नाही. मग डोंगरातून आणण्याशिवाय गत्यंतर काय?

बाबा : म्हंजे वानचं, शहानूरचं सातपुड्यातून येते. मंग वानच्या खालचा तेल्हाऱ्याचा शेतकरी काय म्हनते? बाळापूरकडं पानी न्यायचं ठरलं तवा तोच रस्त्यावर बसला होता ना, आमचं ओलित जाते म्हनून? मी शेजाऱ्याचं वढलं जमिनीखालून, तुमी वढलं पाइपातून. फरक काय?

मामाजी : फरक आहे. पिण्याचं पाणी पहिलं, शेती त्यानंतर, हे राज्याचं धोरणच आहे आणि ते योग्य आहे. पण तुमचा प्रश्न मी टाळत नाही. आमचं चुकलं ते वेगळ्या ठिकाणी. पाइप गावात आला की आम्ही जुनं सगळं सोडून दिलं. खारपाणातही बऱ्याच गावांत एखादी गोड्या पाण्याची विहीर असायची, गावतळ्याच्या कडेला. पावसाचं पाणी तळ्यात साठून मुरायचं, त्याचा गोडा थर खाऱ्या पाण्यावर तरंगायचा, आणि विहीर तेवढीच खोल ठेवलेली असायची. आमच्या आज्यांना ते कळत होतं. योजना आल्यावर तळी बुजली, काहींवर समाजमंदिरं झाली, काहींत कचरा. माझ्या सहीनं झालेल्या योजनेत जुना स्रोत राखण्यासाठी एक रुपयाची तरतूद नव्हती. मी ती मागितलीही नव्हती.

आणि दुसरं. पन्नास-साठ किलोमीटरवरून पाणी आणायचं तर पंप चोवीस तास चालतो. त्याचं वीजबिल ग्रामपंचायतींनी पाणीपट्टीतून भरायचं. पट्टी वसूल होत नाही, बिल थकतं, जोडणी तुटते. धरण भरलेलं असतं, पाइप धड असतो आणि गाव कोरडं असतं. शेतीपंपाची वीज माफ झाली, पिण्याच्या पाण्याच्या पंपाची झाली नाही, इवाई. त्या पंपांना उन्हाची जास्त गरज आहे. आधी तिथे पॅनल लावा, मग वावरात.

बाबा : हे बरोबर हाय.

बाबांनी इतक्या सरळ मान्य केलेलं मी फार थोड्या वेळा ऐकलं आहे.

इथे मला माझं सांगावंसं वाटलं. आमच्या केंद्राच्या गच्चीवर पॅनल आहेत आणि त्यांचा उपयोग मी रोज पाहते. लसी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात. मे २०२४ मध्ये अकोल्यात पारा ४५ च्या वर गेला, उन्हापायी जमावबंदीचा आदेश काढावा लागला. त्या दिवसांत आमच्याकडेही लाइन तासन्‌तास जायची. पॅनल होते म्हणून लसी टिकल्या. आता दिवे त्यावर, फ्रिज त्यावर, प्रसूतिगृहातला पंखाही त्यावरच. पण त्याच प्रसूतिगृहात बाळंतिणीला धुवायला लागणारं पाणी नळ बंद असला की ट्रॅक्टरच्या टँकरनं येतं, डिझेल जाळत. पिण्याचं पाणी आरओच्या कॅनमधून. खाऱ्या पाण्यातून एक कॅन गोडं पाणी काढायचं तर साधारण तेवढंच आणखी खारं पाणी बाहेर फेकलं जातं. ते जातं नाल्यात, नाल्यातून पुन्हा जमिनीत. अहवालात आमच्या इमारतीसमोर ‘सौर ऊर्जेवर’ असं लिहिलेलं असतं आणि ते खरंही आहे. मात्र त्यामुळे बाळंतिणीची बादली भरत नाही.

मी : मामाजी, आमच्या गच्चीचं क्षेत्र दोनशे चौरस मीटर आहे. पावसाचं किती पाणी मिळेल?

मामाजी : पाऊस सातशे मिलिमीटर धर. एक लाख चाळीस हजार लिटर. वाया जाणारं वजा करून लाखभर तरी. केंद्राला दिवसाला पाचशे लिटर गोडं पाणी लागत असेल तर दोनशे दिवस. टाकी बांधायला खर्च येतो, पण पॅनलपेक्षा काही फार नाही. खारपाणात गोडं पाणी फक्त आभाळातून येतं, सुनबाई. ते खाऱ्या जमिनीला लागायच्या आत धरायचं, एवढंच शास्त्र आहे.

बाबा : मंग शाळा हाय, ग्रामपंचायत हाय, त्याईच्याही गच्च्या हायेत ना.

मामाजी : आहेत. आणि शेतातही तेच. पोकरा प्रकल्पात पूर्णा खोऱ्यातली खारपाणाची ९३२ गावं घेतली होती. जिथे शेततळी झाली तिथे मी जाऊन पाहिली. आपली माती इतकी चिकण, की प्लास्टिक न टाकताही तळं पाणी धरतं. ऑगस्टमध्ये पावसानं दडी मारली की कपाशीला एक पाणी, पुढे हरभऱ्याला एक पाणी. तेवढ्यावर पीक उभं राहतं. तिथे मात्र छोटा सौर पंप मला शंभर टक्के मान्य आहे, कारण तळ्यात असेल तेवढंच तो उपसेल. तळं रिकामं झालं की दिसतं. तुमच्या बोरखाली काय उरलं ते दिसत नाही, हा सगळा फरक आहे.

माझ्या मते त्या दिवसाच्या बोलण्यातली ही सर्वांत मोलाची गोष्ट होती. यंत्र एकच, पॅनल एकच, सरकारचं अनुदानही एकच. पण खारपाणातल्या शेततळ्यावर ते पाण्याला मर्यादेत ठेवतं आणि वरुडच्या खडकावर मर्यादा पुसून टाकू शकतं. पंतप्रधान कुसुमच्या नियमांतही अतिशोषित भागात नव्या उपशासाठी पंप न देता जुन्या डिझेल पंपाच्या जागी, तोही सूक्ष्म सिंचनासह द्यावा, असं म्हटलं होतं. कागदावर शहाणपण आहे. ते गावात पोचेपर्यंत ‘मागेल त्याला पंप’ एवढंच उरतं. मी सरकारला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. रात्री सापाच्या भीतीत ओलित करणाऱ्याला दिवसा पाणी देता यावं, ही मागणी माणुसकीची आहे. पण जी माणुसकी धुऱ्याच्या अलीकडे थांबते ती पलीकडच्या माणसाची विहीर आटवते, हे मला माझ्याच बापाच्या तोंडून ऐकावं लागलं.

मामाजी : तुमच्या गावात अटल भूजल योजनेचं काम झालं ना? वरूड, मोर्शी, चांदूर बाजार हे तीन तालुके होते त्यात. पाण्याचा ताळेबंद मांडला असेल.

बाबा : मांडला. ग्रामपंचायतीच्या भिताडावर रंगवला हाय. जमा एवढं, खर्च एवढा, तूट एवढी. बोर्ड चांगला हाय. पन तूट कोनाची ते त्याच्यावर लेयलं नाई. गावाची तूट म्हंजे कोनाचीच नाई. अन् आमच्या गावात श्रमदान कमी झालं असं नाई. २०१६ ले वॉटर कपची स्पर्धा पयल्यांदा झाली, तीनच तालुक्यांत, त्यात वरूड होता. मी साठीले आलो होतो, टोपलं उचललं. नाल्यात पानी थांबलं, इहिरी भरल्या. मंग? जवय भरलं तवय लोकाईनं आखीन बगीचा लावला.

मामाजी : पाणी अडवायला गाव एकत्र येतं, वापर ठरवायला येत नाही.

बाबा : कसं येईन? उद्या मी म्हनलं, माहा बोर बंद, इहिरीवर भागवतो. झाडं शंभर कमी करतो. मी सोडलेलं पानी शेजारच्या मोठ्या बागायतदारानं वढलं तं? माहं नुकसान, जमिनीले फायदा नाई, अन् त्या दोन एकरवाल्याचीही इहीर भरत नाई. सगये थांबत असतीन तं मी पयला थांबतो. एकट्यानं थांबायले सांगू नका.

यावर मामाजींकडे उत्तर नव्हतं, आणि ते त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. मलाही एवढंच कळतं की ही अडचण स्वभावाची नाही. बाबा लोभी नाहीत. ज्या गावात एकाचं सोडणं दुसऱ्याचं मिळवणं ठरतं, तिथे चांगल्या माणसालाही चांगलं वागणं परवडत नाही. नियम सगळ्यांना मिळून बांधून घ्यावा लागेल, आणि त्यात दोन एकरवाल्याच्या विहिरीला नऊशे फुटांच्या बोरच्या आधी जागा द्यावी लागेल. नव्या लागवडीला आळा, किती मोटरी आणि किती तास, सौर पंप द्यायचा तर जुनी मोटर काढून घेऊनच द्यायचा, हे सगळं भिंतीवर रंगवायला सोपं आहे आणि पाळायला अवघड. पिढ्यान्‌पिढ्या धुऱ्यावरच्या वीतभर जमिनीसाठी कोर्टात गेलेली आपली माणसं जमिनीखालचं पाणी वाटून घेतील का, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण पाणी दिसायला लागलं तर निदान भांडण खऱ्या गोष्टीवर होईल.

ऊन उतरल्यावर चहा झाला. मामाजींनी अर्ज परत बाबांच्या हातात दिला. त्यात त्यांनी पेन्सिलीनं एका ओळीवर खूण केली होती, विहिरीच्या खोलीच्या. ती पन्नास फूट लिहिली होती, बाबांची विहीर बासष्ट फुटांची. ‘हे दुरुस्त करून घ्या, नाहीतर पंप चुकीचा येईल,’ ते म्हणाले. मग ते आत गेले आणि नोकरीतली जुनी मोजपट्टी घेऊन आले. तीस मीटरची, टोकाला पितळी वजन बांधलेली.

मामाजी : दर अमावस्येला सकाळी मोटर सुरू करायच्या आधी सोडायची. वजन पाण्याला लागलं की आवाज येतो. आकडा लिहायचा. वर्षभर.

बाबा : माह्याच इहिरीचा?

मामाजी : आणि धुऱ्यापलीकडच्या.

बाबांनी पट्टी गुंडाळून पिशवीत टाकली. बसस्टँडवर सोडताना ते मला म्हणाले, ‘त्याच्या इहिरीत आता काटक्या हायेत, माय. साफ कराव लागंन आंधी.’

जून लागायच्या आत त्यांचा पहिला आकडा माझ्या मोबाइलवर आला : आपली विहीर, ५४ फूट. त्याखाली, काका, कोरडी, गाळ काढू रायलो. पाऊस पडल्यावर जुलैत दुसरा आला : आपली ३१, काका ५८. तिसरा परवा आला. मामाजी रोज सकाळी आकड्यांची वही उघडून बसतात आणि मला विचारतात, बोरचा आकडा पाठवला का? तो अजून आलेला नाही.